आत्याबाईंच्या नेमाचं उद्यापन

दुपारी उन्हं जरा उतरली की मी घराला कुलूप लावते आणि बाहेर पडते. सून शाळेत शिकवायला गेलेली असते, मुलगा कचेरीत. किल्ली शेजारी द्यायची, पायांत चपला सरकवायच्या आणि कोपऱ्यावरच्या बागेत जाऊन बाकावर बसायचं. तिथं माझ्यासारख्याच तीन-चार म्हाताऱ्या येतात. आम्ही काय करतो म्हणाल तर काही करत नाही. शेंगा खातो, सुनांच्या कागाळ्या करतो, येणाऱ्याजाणाऱ्यांना नावं ठेवतो. दिवेलागणीला घरी आले की सून विचारते, "आई, कुठं जाऊन आलात?"

"बसायला गेले होते."

"बरं केलंत," ती म्हणते आणि कुकर लावायला जाते.

एवढंच. पण ते 'बरं केलंत' माझ्या घशाखाली सरळ उतरत नाही. माझ्या सासूबाईंना असं कुणी कधी म्हटलं नाही. कारण 'बसायला जाते' एवढं म्हणून घराबाहेर पडायची सोयच त्यांना नव्हती. नुसतं बसायचं तर त्यासाठी त्यांना देवाला मध्ये घालावं लागलं होतं. आणि तेवढंही मी त्यांना लाभू दिलं नाही. आता इतक्या वर्षांनी हे लिहायला तुझं काय जातंय, असं कुणी म्हणेल. जातंय हो. अजून जातंय.

ही एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. लग्न होऊन मी सोलापूरला आले तेव्हा आमचं बिऱ्हाड कापडगिरणीच्या मागच्या चाळीत होतं. दोन खोल्या आणि पुढं पडवी. आमचे हे गिरणीच्या ऑफिसात कारकून. त्यांच्या घराण्यात बोटाला शाई लागलेला हा पहिलाच पुरुष. मागच्या सगळ्या पिढ्या सांगोल्याकडच्या कोरडवाहू रानात शेरडं-मेंढरं आणि ज्वारीच्या मागं गेलेल्या. सासरे मी यायच्या आधीच वारले होते. घरात आम्ही तिघंच, हे, मी आणि सासूबाई. त्यांना मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणं आत्याबाई म्हणत असे.

आत्याबाई उंच, सावळ्या आणि वेताच्या काठीसारख्या काटक. परकर नेसायच्या वयात त्यांचं लग्न झालेलं. तेव्हापासून नांगर धरणं सोडलं तर शेतातलं एकही काम त्यांनी करायचं ठेवलं नव्हतं. बाईमाणसाचा हात रिकामा दिसला की घरची लक्ष्मी रुसते, असं त्यांना त्यांच्या सासूनं शिकवलं होतं आणि ते त्यांच्या हाडात मुरलं होतं. थंडीत ऊन खायला पडवीत बसल्या तरी पुढ्यात शेंगांचं सूप असायचं. बोलता बोलता शेंगा फोडायच्या, फोडता फोडता मला टोमणे मारायच्या. घरात त्यांना नुसतं बसलेलं मी एकदाही पाहिलं नाही.

माझ्या लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच त्यांचे गुडघे दुखायला लागले. हे गुडघे मोठे हुशार होते. पहाटे जात्यापुढं बसायची वेळ झाली की त्यांना कळ यायची, आणि शेजारणीकडं बारशाला जायचं असलं की कळ जायची. दळण माझ्या एकटीच्या गळ्यात पडलं. पिठाची गिरणी गावात होती, नाही असं नाही. पण तिथल्या पिठाची भाकरी यांना करपट लागायची. दिवसभर गिरणीत बसून पगार घेणाऱ्या माणसाचं तोंड पिठाच्या गिरणीशी एवढं वाकडं का, ते मला कधी समजलं नाही. मी आपली पहाटे उठून ज्वारी दळायची, आणि आतल्या खोलीतून आत्याबाई कण्हायच्या. मी दळायची थांबले की त्यांचं कण्हणं थांबायचं.

पुढं आषाढी एकादशी आली. चातुर्मास लागला की चाळीतल्या बायका काही ना काही नेम धरायच्या. कुणी वांगं सोडायची, कुणी जेवताना मुकी राहायची, कुणी तुळशीला प्रदक्षिणा घालायची. जिला वांगं मुळातच आवडत नसे ती हमखास वांगं सोडायची. त्या वर्षी आत्याबाईंनी जेवताना सांगून टाकलं, "म्या नेम धरलाय. रोज दुपारी तळ्यातल्या सिद्धेश्वराच्या देवळात जानार. दिवेलागनीपतुर देवापुढं बसनार."

यांचे डोळे पाणावले. "गुडघे दुखत असताना, आई?"

"देव निईल की," आत्याबाई म्हणाल्या.

नेमाला कोण नाही म्हणणार? नवरा, मुलगा, सासू, सगळ्यांच्या वरचा हुकूम तो. दुसऱ्या दिवसापासून आत्याबाई जेवणं उरकली की धुवट लुगडं नेसायच्या, कमरेला चंची खोचायच्या आणि तळ्याकडं चालू लागायच्या. कार्तिकात चाळीतल्या बायकांचे नेम सुटले. आत्याबाईंचा काही सुटेना. "सिद्धेश्वराला बोललेय. सोडवत न्हाय," एवढंच त्या म्हणायच्या. नेम संपवायचा तर त्याचं उद्यापन करावं लागतं, पूजा, जेवण, दानदक्षिणा. त्याशिवाय नेम पुरा होत नाही, असं सगळेच मानत. यांनी विषय काढला की त्या म्हणायच्या, "करू की पुढल्या साली, घाई काय हाय?"

तर पहाटे गुडघे आणि दुपारी देव, या दोघांनी मिळून मला पुरतं घेरलं होतं. दळण, पाणी, धुणं, दुपारी निवडणं-टिपणं, शेंगांची चटणी कुटणं, सगळं माझ्याच हातांनी. शेजारणी म्हणायच्या, "तुझी सासू म्हणजे देवमाणूस गं!" मी म्हणायची, "हो ना." आणि उखळातल्या शेंगांवर मुसळ असं आपटायची की कूट बाहेर उडायचं.

एके दिवशी भर दुपारी आत्याबाईंचा भाऊ गावाहून आला. संध्याकाळच्या सर्व्हिस मोटारीनं त्याला परत जायचं होतं. बहिणीला भेटल्याशिवाय पाय निघेना म्हणाला. त्याला चहा देऊन पडवीत बसवलं आणि मी आत्याबाईंना बोलवायला तळ्यावर गेले. गाभाऱ्यात पाहिलं, मंडपात पाहिलं, खांबांच्या आड पाहिलं. आत्याबाई कुठंच नाहीत. फुलं विकणाऱ्या बाईला विचारलं तेव्हा ती हसून म्हणाली, "त्या उंच आजी व्हय? त्या हितं कुटल्या? तिकडं मागल्या पायऱ्यांवर जावा."

मागच्या बाजूला पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांवर सावली होती. तिथं माझ्या सासूबाई एक पाय मुडपून, एक पाय लांब पसरून बसल्या होत्या, लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं. समोर कपाळभर विभूती लावलेली, गोरी, लठ्ठ म्हातारी. आणि दोघींच्या मध्ये सागरगोटे. आत्याबाईंनी एक गोटा उंच उडवला, खालचे चार एका झपाट्यात मुठीत घेतले, वरचा पडता पडता झेलला आणि अशा खदाखदा हसल्या की समोरची म्हातारी "खोटं! खोटं!" म्हणून त्यांच्या मांडीवर चापट्या मारायला लागली. हे हसणं मी आमच्या घरात कधी ऐकलं नव्हतं. त्यांना हसता येतं हेच मला माहीत नव्हतं.

मला पाहिल्यावर त्यांचा चेहरा शेजारच्या झाडाची चिंच पाडताना पकडलेल्या पोरीसारखा झाला. सागरगोटे त्यांनी पटकन त्या म्हातारीच्या ओटीत टाकले.

"काय गं? घरी समदं बरं हाय नव्हं?"

"मामा आलेत गावाहून. तुम्हाला भेटायला थांबलेत."

त्या ताडकन उठल्या. गुडघ्यांची आठवण त्यांना तीन-चार पायऱ्या चढून गेल्यावर झाली. मग त्या थोड्या लंगडल्या. मला हसू आवरेना. मी हसले तशा त्याही हसल्या.

तळ्यालगतच्या किल्ल्याच्या कडेनं घराकडं येताना त्या आपणहून बोलायला लागल्या. "लगीन झालं तवा माझ्या वटीत गजगे हुते, ह्ये सागरगोटेच, म्हायेरचे. सासूनं काडून घ्येतले आन उकिरड्यावर टाकले. म्हनली, आता खेळ सपला. त्याला जलम झाला बग. ही अव्वा भेटली हितं. दुधनीकडची हाय. तिच्याकडं गजगे हुते. पयल्या दिशी म्या देवापुढंच बसाय आले हुते, खरं सांगते. पर बसल्या बसल्या झोप यायला लागली. मग म्हनलं, घटकाभर खेळावं."



"देवाचं नाव सांगून येते आन देवाच्या पाठीमागं खेळत बसते. पाप लागंल का गं?" त्यांनी मला विचारलं, मला, कालच्या पोरीला. "मनाला लई टोचतंय. घरी तू एकली राबतीस त्ये बी ठावं हाय मला. पर दुपार झाली की पाय ऱ्हात न्हाईत. अक्ख्या दिसात तेवडंच माझं हाय गं."

"आणि गुडघे?" मी विचारलं.

"ते बी लबाडच की," त्या म्हणाल्या. मग माझा हात धरून थांबल्या. "कुनाला सांगू नगंस. त्याला तर मुळीच नगं. लेकाच्या नजरंतनं उतरले तर जीव दिईन."

गळ्याची शपथ घेऊन मी सांगितलं, नाही सांगणार.

त्यानंतरचे महिने आमच्या दोघींत मोठ्या मेतकुटाचे गेले. आत्याबाई तळ्यावरून येताना मला चिरमुरे आणायच्या. हे ऑफिसातून यायच्या आत कोण जिंकलं, अव्वानं कशी खोटी केली, तिला चिडल्यावर मराठी कसं सुचत नाही आणि ती कानडीत कशी शिव्या देते, हे सगळं मला चुलीपुढं बसून सांगायच्या. मी भाकरी थापता थापता हसायची. यांच्या चपला पडवीत वाजल्या की आम्ही दोघी गंभीर व्हायचो आणि आत्याबाई पुटपुटायला लागायच्या. "किती गं माझ्या आईचं ध्यान लागतं!" हे मला म्हणायचे. मी मान डोलवायची.

पण चिरमुऱ्यांनी दळण होत नाही. पुढं मला दिवस गेले आणि सगळंच जड व्हायला लागलं. पाय सुजायचे. पहाटे जात्यापुढं बसलं की कमरेत अशी कळ यायची की खुंटा सोडून द्यावा. आत्याबाईंना ते दिसत नव्हतं असं नाही. त्या मला सुंठ उगाळून द्यायच्या, पाय चेपून द्यायच्या, 'दुपारची पडत जा घटकाभर' म्हणायच्या. पण गुडघे एकदा दुखतात म्हणून सांगून बसलेल्या. आता एकाएकी जात्यापुढं बसल्या तर लेकाला काय सांगणार? आणि दुपार त्यांना सोडवत नव्हती. आपणच विणलेल्या जाळ्यात त्या आपणच अडकल्या होत्या. मला हे सगळं समजत होतं. समजत असूनही मला राग यायचा. आत्याबाईंना हे म्हातारपणी तरी मिळालं, मला ते केव्हा मिळणार, असं माझ्या मनात यायचं. मी पंचवीस वर्षांचीही नव्हते आणि एका म्हातारीच्या सुखावर जळत होते.

श्रावण तोंडावर आला होता. त्या दिवशी सकाळी दळता दळता माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली होती. रात्री जेवून उठताना आत्याबाईंनी सवयीनं गुडघ्यावर हात ठेवून "आई गं" म्हटलं आणि आत गेल्या. हे माझ्याजवळ येऊन हळू आवाजात बोलू लागले, "आईचे गुडघे आता बघवत नाहीत. त्यात रोज तळ्यापर्यंत चालायचं. नेम अपुरा राहून तिचं काही बरंवाईट झालं तर मी काय तोंड दाखवू? या श्रावणात एखाद्या सोमवारी उद्यापन करून टाकू या. म्हणजे ती मोकळी होईल. तुला काय वाटतं?"

त्यांनी मला विचारलं होतं. हे मी विसरू शकत नाही. त्या काळी कारकून नवरे बायकांना सगळ्याच गोष्टी विचारत असं नव्हे, पण ही त्यांनी विचारली. शपथ न मोडताही मला सांगता आलं असतं. 'राहू द्या, त्यांना तिथं बरं वाटतं,' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. ते आईवेडे, लगेच ऐकलं असतं. मला सगळं स्पष्ट दिसत होतं. उद्यापन झालं की नेम संपला, नेम संपला की दुपार संपली. आणि हेही दिसत होतं की मग दुपारी घरात आणखी दोन हात येतील.

मी म्हटलं, "करू या की."

दुसऱ्या दिवशी यांनी मोठ्या कौतुकानं आईला सांगितलं, "आई, आम्ही दोघांनी ठरवलंय. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी तुझ्या नेमाचं उद्यापन. आता तू काही तंगडतोड करायची नाहीस. घरात बसून आराम कर."

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी डाळीतले खडे बघत होते. डाळीत त्या दिवशी एकही खडा नव्हता.

"कशाला खर्चात पडतूस?" त्या म्हणाल्या. "माझं काय अडलंय? जातेय की चालत."

"नाही आई. तू आमच्यासाठी जन्मभर राबलीस. एवढं मला करू दे."

यावर त्या काय बोलणार? मला नुसतं बसायचंय, खेळायचंय, असं म्हणणार? नेमाच्या नावानं जे मिळवलं होतं ते नेमाच्याच रीतीनं गेलं. लेकाच्या प्रेमापुढं त्यांना एक शब्द बोलायला जागा राहिली नाही. मी त्या घरात एकटीच अशी होते की जी त्यांच्या वतीनं बोलू शकली असती.

उद्यापन थाटात झालं. सोमवारी संध्याकाळी उपास सोडायच्या वेळी चाळीतली जोडपी जेवायला बोलावली. पुरणाचा घाट मी आणि शेजारणींनी घातला. भटजींनी आत्याबाईंना पाटावर बसवलं, पूजा सांगितली आणि शेवटी तळहातावर तुळशीचं पान ठेवून पळीभर पाणी घातलं. "हं, आता हे ताम्हनात सोडा. नेम पुरा झाला म्हणा." आत्याबाई तळहाताकडं बघत बसल्या. पाणी बोटांच्या फटींतून आपोआप गळायला लागलं. भटजी म्हणाले, "आजी, सोडा." यांनी मागून आईच्या पाठीवर हात ठेवला. आत्याबाईंनी हात उपडा केला. पान ताम्हनाच्या कडेला चिकटलं ते भटजींनी बोटानं आत सारलं. शेजारणी म्हणाल्या, मुलगा असावा तर असा. यांचा चेहरा उजळून निघाला होता. मी पोळ्या वाढत होते. 'खाई त्याला खवखवे' म्हणतात. मला एक पोळी गिळवली नाही आणि सगळ्यांना वाटलं पोटुशी बाई, अन्नावरची वासना उडाली असेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर जात्यापुढं आत्याबाई बसलेल्या. ज्वारीचं सूप जवळ, एक पाय लांब, एक मुडपलेला, त्या पायऱ्यांवर बसायच्या तशाच.

"आत्याबाई, गुडघे?"

"आता दुखत न्हाईत," त्या म्हणाल्या. "उद्यापन झालं नव्हं का? देव पावला."

हे ऐकून हे अंथरुणातून उठून बसले आणि त्यांनी हात जोडले. दिवस कासराभर वर येईपर्यंत चाळभर झालं, आजींचे गुडघे एका रात्रीत बरे झाले. दोन घरांतल्या सासवांनी त्याच आठवड्यात नेम धरले. आत्याबाई रोज पहाटे माझ्याआधी जात्यापुढं बसायच्या. काही दिवसांनी त्यांनी दळणाची वेळच बदलली. पहाटे नळाला पाणी येतं, तुझी धावपळ होते, म्हणाल्या, "दुपारीच दळू. दुपार आता रिकामीच हाय की." मग रोज दुपारी, तळ्यावर जायच्या वेळेला, आम्ही दोघी समोरासमोर बसून दळायला लागलो. जातं हलकं झालं. माझ्या कमरेची कळ गेली. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. मला ते नको झालं होतं, पण हे सांगायचं कुणाला?

त्या चिडल्या असत्या, मला घालूनपाडून बोलल्या असत्या तर मी सोसलं असतं. त्या बोलायच्या, पण कामापुरतं. टोमणेसुद्धा बंद झाले. टोमणे नसलेल्या सासूची भीती वाटते, हे ज्यांना सासू नाही त्यांना कळायचं नाही. चुलीपुढं बसून त्या आता काही सांगत नव्हत्या, कारण सांगण्यासारखं काही घडतच नव्हतं.

गणपती होऊन गेले असतील. दुपारी आम्ही दळत होतो आणि पडवीतून हाक आली. बाहेर जाऊन पाहते तर तळ्यावरची अव्वा. उन्हातून चालत आलेली, घामानं विभूती ओघळलेली. चाळीत विचारत विचारत आली होती.

"तुजी सासू बरी हाय नव्हं गं?" ती म्हणाली. "लई दिस झाले, येईना की. म्या रोज बसते वाट बघत. मला वाटलं, आजारी पडली काय."

आतलं जातं चालू होतं. मला वाटलं, आता आत्याबाई बाहेर येतील. त्या आल्या नाहीत.

"बऱ्या आहेत," मी म्हटलं. "त्यांच्या नेमाचं उद्यापन झालं."

अव्वानं माझ्याकडं पाहिलं. मी थट्टा करतेय असं वाटून ती आधी हसली. "उद्यापन? खेळायचं बी उद्यापन करतेत काय गं तुमच्यात?" मग माझा चेहरा बघून तिचं हसणं विझलं. आतलं जातं थांबलं होतं. आम्ही दोघी उभ्या राहिलो. जातं पुन्हा सुरू झालं तेव्हा अव्वानं ओटीतून सागरगोटे काढले आणि माझ्या हातावर ठेवले. "तिलाच दे. मी एकली काय करू?" असं म्हणून ती पडवीच्या पायऱ्या उतरली. तिचे गुडघे मात्र खरंच दुखत होते. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

सागरगोटे मी मिठाच्या बरणीमागं लपवून ठेवले. आत्याबाईंना द्यायचं धैर्य मला झालं नाही. पुढं मुलगी झाली, तिची आंघोळ, अंगाई, सगळं आत्याबाईंनी केलं. त्यांचा हात आता खरोखरच कधी रिकामा राहत नव्हता. बाळाला मांडीवर घेऊन त्या छताकडं बघत बसायच्या तेव्हा मला वाटायचं, आता सांगावं. मग बाळ रडायचं आणि राहून जायचं.

पुढच्या आषाढीला मात्र मी मनाचा हिय्या केला. दुपारी दळायला बसताना सागरगोटे पदरात घेऊन आले आणि जात्याच्या कडेला, पिठात, त्यांच्यापुढं ठेवले.

"अव्वा देऊन गेली होती. मीच ठेवले होते," मी म्हटलं. "आत्याबाई, परवा एकादशी आहे. नेम धरा की परत. यांना मी सांगते. घरातलं मी बघेन, दळण पहाटे करेन मी. तुम्ही जावा."

त्यांनी एक गोटा उचलला. पिठानं पांढऱ्या झालेल्या बोटांनी तो जरासा वर उडवला आणि न बघता झेलला. हात तसाच चपळ होता. क्षणभर मला वाटलं, झालं, सगळं परत जुळलं. पण त्यांनी पाचही गोटे गोळा केले आणि माझ्या ओटीत टाकले.

"नगं," त्या म्हणाल्या. "पोरगी मोठी झाली की तिला दे. एकदा देवाला फसवलं, त्यानं धरलं. परत न्हाय त्याच्या वाटंला जायाचं." जात्यात ज्वारीची मूठ घालता घालता म्हणाल्या, "त्ये देवाचं काम हुतं. तू उगा मनाला लावून घिऊ नगंस."

मी अजून काही कबूल केलंच नव्हतं. त्यांनी मला देवाच्या आड उभं केलं होतं, जसं त्या स्वतः दुपारच्या उभ्या राहायच्या.

"आत्याबाई," मी म्हटलं, "देवानं नाही हो. त्या रात्री यांनी मला विचारलं होतं, आणि मी..."

"दळ," त्या म्हणाल्या आणि खुंटा माझ्याकडं ढकलला.

मी दळत राहिले.